आईच्या खांद्यातली गाठ आणि ड्राय नीडलिंग

करवीर तालुक्यातल्या एका ताईंनी आपल्या आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय ५४. घरी दोन म्हशी आहेत, दोन्ही वेळची धार आईच काढते, वैरणही तीच आणते. सात-आठ महिन्यांपासून उजवा खांदा आणि मान दुखते, कळ कानामागून कानशिलापर्यंत चढते, अधूनमधून हात जड पडतो. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा, असं सांगितलं. दहा दिवस शेक आणि मशीन लावून झाल्यावर फिजिओथेरपिस्टनी ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध न भरता नुसती बारीक सुई दुखऱ्या स्नायूत घालण्याचा उपचार, सुचवलं. आईला मधुमेह आहे आणि हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे. ताई विचारतात: हे ॲक्युपंक्चरच का? सुईने गाठ फुटते का? धोका किती? किती वेळा करावं लागेल, आणि परत दुखणार नाही कशावरून?

ताई, आधी थोडक्यात सांगते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून आईला या उपचाराचा फायदा व्हायची शक्यता चांगली आहे. मधुमेह किंवा ॲस्पिरिनमुळे तो सरसकट बाद होत नाही. पण सुई आपल्याला देते ती थोडी उसंत. दोन-चार दिवस, फार तर आठवडाभर दुखणं उतरतं. त्या दिवसांत खांद्याकडून काय करून घेतलं आणि धार-वैरणीच्या कामात काय बदललं, यावर पुढचं सगळं ठरतं. मी २२ वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपी करते आणि त्यातली १४ वर्षं सुई वापरते. सुईनंतर काहीच न बदलल्यामुळे तीन आठवड्यांनी तीच गाठ घेऊन परत आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आपल्याकडे पेशंट येतो तो "डॉक्टर, शीर चढलीया" म्हणत येतो. शीर चढली, शीर आखडली, शीर दबली. सगळं खापर शिरेवर. खरं तर शीर कुठे चढत नाही. खांद्यावरून मानेकडे जाणारा जो जाड स्नायू आहे, त्याला आम्ही ट्रॅपेझियस म्हणतो. तो दोन बोटं आणि अंगठा यांच्या चिमटीत धरायचा. धोतराची निरी चिमटीत धरून सरकवावी तसा हळूहळू सरकवायचा. निरोगी स्नायू बोटांखालून मऊ सरकतो. दुखणाऱ्या स्नायूत एखादी ताठ दोरी लागते, ओल्या सुंभासारखी. त्या दोरीवरून बोट पुढे नेलं की एका जागी वाटाण्याएवढा कठीण भाग लागतो. तिथे दाबलं की पेशंट खांदा आक्रसून घेतो आणि म्हणतो, "हां, हीच. हीच कळ कानामागं जातीया." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं दाबल्यावर दुखणं याला काही अर्थ नाही, जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. दाबल्यावर पेशंटची *ओळखीची* कळ उठली पाहिजे, तेव्हाच ती जागा कामाची. तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात.

या जागांचा गुणधर्म असा की दुखणं उगवतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे. ट्रॅपेझियसच्या वरच्या भागातली कळ मानेच्या बाजूने कानामागून कानशिलापर्यंत जाते, तुमच्या आईचं वर्णन नेमकं हेच आहे. खांद्याच्या फऱ्यावर मागच्या बाजूला एक स्नायू आहे, त्यातली गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते. माणूस पुढे बाम चोळत बसतो आणि रोग मागे असतो. कुल्ल्याच्या आतल्या छोट्या स्नायूतली कळ मांडीच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते आणि सायटिका म्हणून तिच्यावर वर्षभर औषधं चालतात. पोटरीच्या खालच्या थरातली गाठ टाचेत दुखते. तालमीतल्या पोरांत आणि फुटबॉल खेळणाऱ्यांत ही शेवटची मला नेहमी सापडते. टाचेखाली मऊ पॅड घालून झालेलं असतं, बूट बदलून झालेले असतात, पोटरीला कुणी हात लावलेला नसतो.

आता सुई यात कुठून आली ते सांगते, म्हणजे ॲक्युपंक्चरचा प्रश्नही सुटेल. जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टर होत्या. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या डॉक्टर होत्या. कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशे त्यांनी आयुष्यभर तयार केले, पुढे डेव्हिड सायमन्स यांच्या बरोबरीने. त्या या जागांवर बधिरतेच्या औषधाचं इंजेक्शन देत. १९७९ साली प्राग शहरातले डॉ. कारेल लेविट यांनी एक वेगळीच गोष्ट मांडली. त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर औषध न भरता नुसती सुई वापरली, आणि ८६.८ टक्के जागी दुखणं तिथल्या तिथे उतरलं. म्हणजे गुण औषधाचा कमी आणि सुईचा जास्त होता. औषध नाही म्हणून 'ड्राय', कोरडी सुई. लेविट यांच्या त्या नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तेवढ्यावर सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, पण वाट तिथून फुटली.

ॲक्युपंक्चरची सुईही अशीच बारीक, भरीव आणि पोलादी असते. त्यामुळे पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, तुमच्या शेजाऱ्यांनाही वाटलं तर नवल नाही. फरक विचारात आहे. ॲक्युपंक्चर हे चीनमधलं जुनं शास्त्र आहे. त्यात शरीरातल्या ठरलेल्या मार्गांवरचे ठरलेले बिंदू निवडतात, आणि पोटापासून झोपेपर्यंतच्या तक्रारींवर ते वापरलं जातं. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदाही आहे. आम्ही सुई घालतो ती स्नायूची शरीररचना पाहून, हाताला लागलेल्या त्या ताठ दोरीत, आणि उद्देश एवढाच की तो स्नायू सैल व्हावा आणि त्याला हलवता यावं. कोणतं श्रेष्ठ हा वाद मी घालत नाही. तुमच्या आईला जे सुचवलंय ते दुसरं आहे, एवढं लक्षात ठेवा.

गाठ फुटते का? नाही. तिथे पू नाही, रक्ताची गुठळी नाही, फुटण्यासारखं काही नाही. "गाठीतलं विष निघालं" असंही मी पेशंटच्या तोंडून ऐकते. सुईवाटे काहीही बाहेर पडत नाही. स्नायूला आकसण्याचा हुकूम देणारी मज्जातंतूची टोकं जिथे स्नायूला भिडतात, तिथे तो हुकूम सतत चालूच राहतो, तेवढा तुकडा आवळून बसतो, आवळल्यामुळे तिथलं रक्त कमी होतं आणि दुखवणारी रसायनं साठतात, अशी मांडणी सर्वसाधारणपणे केली जाते. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अतिशय बारीक नळीची सुई ट्रॅपेझियसमध्ये घालून तिथला द्रव तपासला, तेव्हा दुखऱ्या गाठीत ही रसायनं जास्त आणि आम्लता वाढलेली सापडली. सुई नेमक्या जागी लागली की स्नायू एकदम फडफडतो, मासा गळाला लागल्यावर दोरीला हिसका बसतो तसा. तो हिसका पेशंटलाही कळतो आणि माझ्या बोटांनाही. त्यानंतर बहुतेक वेळा ती दोरी सैल पडते. शिवाय सुईच्या टोचण्यामुळे मज्जारज्जू आणि मेंदूकडूनही वेदना दाबली जाते.

ही मांडणी सगळ्यांना पटलेली नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. काही जाणत्या वेदनातज्ज्ञांचं म्हणणं आहे की दुखणं स्नायूच्या गाठीत नसून मज्जासंस्थेच्या हळवेपणात आहे. दोन तपासणाऱ्यांना एकच गाठ एकाच जागी सापडते का, हे पाहिलं तेव्हा निकाल फारसे चांगले आले नाहीत. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. म्हणूनच पेशंटची ओळखीची कळ उठल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, आईची भीती त्यानेच जास्त कमी होईल. दवाखान्यातल्या नेहमीच्या इंजेक्शनची सुई पोकळ असते, टोकाला तिरकी कापलेली असते आणि साधारण ०.६ मिलिमीटर जाड असते. आमची सुई ०.२५ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून बारीक, भरीव आणि गोल टोकाची. खांद्यासाठी ४० मिलिमीटर लांबीची पुरते, आणि तीही सगळी आत जात नाही. पेशंटला झोपवायचं, जागा स्पिरिटने पुसायची, हातमोजे घालायचे. सुईचं सीलबंद पाकीट पेशंटच्या समोर फोडायचं. सुई प्लास्टिकच्या छोट्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवून वरून टिचकी मारली की सुई कातडीतून आत जाते. हे जवळजवळ कळतच नाही. मग नळी काढून सुई हळूहळू त्या दोरीत पुढे-मागे करतात. हिसका बसला की क्षणभर खोल, बोथट कळ येते, पेटका आल्यासारखी. दोन-तीन हिसके, मग सुई बाहेर, कापसाने दाबून धरायचं. एका जागेला अर्धा-एक मिनिट लागतं. किती सुया आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, हे मी मोठ्याने मोजते.

झोपवायचं हे मी मुद्दाम लिहिलं. सुरुवातीच्या काळात एका पैलवानाला मी स्टुलावर बसवूनच खांद्यात सुई घातली. नव्वद किलोचा गडी, पहाटे मेहनत करून तसाच उपाशी आलेला. दुसऱ्या हिसक्याला त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो सरळ माझ्या अंगावर कलला. मदतनीस शेजारी नसता तर फरशीवर डोकं आपटलं असतं. सुईच्या भीतीने रक्तदाब एकदम उतरतो, त्याला ताकदवान-अशक्त असं काही नसतं. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून माझ्याकडे कुणालाही बसवून सुई लागत नाही आणि उपाशीपोटी तर नाहीच. तुमच्या आई मंगळवार-शुक्रवारचा उपवास धरत असतील तर तो दिवस टाळा. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर उतरण्याची भीती वेगळीच.

आता एमआरआयबद्दल. चकती बाहेर आलीय हे वाचून घरातले सगळे घाबरतात. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती बाहेर आलेली दिसली. म्हणजे वयाप्रमाणे केस पिकावेत, तसं हे पुष्कळांच्या मानेत असतं. रिपोर्टमध्ये आहे म्हणून दुखणं त्याचंच, असं होत नाही. पण हात जड पडतो असंही तुम्ही लिहिलंय, ते मी सोडून देणार नाही. पाचव्या-सहाव्या मणक्यामधून निघणारी नस दबली तर अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कोपर वाकवायची ताकद कमी होते. आईला विचारा: मुंग्या येतात का, कोणत्या बोटांत? हातातून तांब्या-किटली निसटते का? चालताना तोल जातो का, ब्लाउजची बटणं लावायला त्रास होतो का? यातलं काही असेल तर सुई बाजूला ठेवून आधी पुन्हा हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तोल आणि बटणांची तक्रार असेल तर उशीर नको.

आणखी एक गोष्ट घरीच पाहता येईल. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडून बसण्याचं प्रमाण जास्त असतं, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. आईला कोपर कमरेला चिकटवून ९० अंशात वाकवायला सांगा आणि तसाच हात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगा. दोन्ही हातांची तुलना करा. उजवा हात आईला उघडता येत नाही आणि तुम्ही हळुवार उघडायला गेलात तरी मध्येच दार अडकल्यासारखा अडकतो, असं असेल तर दोष सांध्याच्या आवरणात आहे. तिथे सुईने भोवतालचे स्नायू थोडे सैल होतील, पण सांधा सुटायला वेगळी, काही महिन्यांची मेहनत लागते. दहा दिवस मशीन लागलं त्यात ही तपासणी कुणी केली का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. मशीन लावण्याआधीच ती व्हायला हवी होती.

तपासणीवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. पन्नाशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले, डाव्या खांद्यात आणि दंडात दुखतं म्हणून. त्यांना कुणीतरी सुई लावा म्हणून सांगितलेलं. मी खांदा सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, दुखत नव्हता. चिमटीत धरून पाहिला, ओळखीची कळ उठत नव्हती. मग विचारलं, दुखतं कधी? म्हणाले, "जोतिबाच्या पायऱ्या चढताना. खाली बसलो की राहतंय." हात न हलवता, पायऱ्या चढताना दुखणारा आणि बसल्यावर थांबणारा खांदा हा खांद्याचा आजार नसतो. त्यांना तसंच ईसीजी काढायला पाठवलं, आणि पुढे हृदयाचे उपचार झाले. तुमच्या आईला हृदयाची गोळी चालूच आहे. तिचा उजवा खांदा दुखतो आणि कळ मानेकडे वर जाते, हे हृदयासारखं वाटत नाही. तरीही चालल्यावर, चढ चढल्यावर दुखतं का, धाप लागते का, हे विचारून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं आणि कोणत्याही अंगावर न थांबणारं दुखणं, ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, जुना कॅन्सर, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर.

धोक्याचं मोजमाप झालेलं आहे. आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टांनी ७६२९ वेळच्या उपचारांची नोंद ठेवली. साडेसात टक्के वेळा जागा काळी-निळी पडली, साडेचार टक्क्यांच्या आसपास थेंबभर रक्त आलं, गंभीर काही घडलं नाही. अमेरिकेत याहून मोठी नोंद झाली, २०,४६४ वेळांची. त्यात किरकोळ त्रास ३६.७ टक्के वेळा, आणि गंभीर प्रसंग २०. म्हणजे हजारात एक. हजारात एक हा आकडा छोटा वाटतो, पण तो शून्य नाही, आणि त्यातला ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरते तो प्रसंग नेमका तुमच्या आईच्या जागेवर घडू शकतो.

फुफ्फुसाचं वरचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर दोन-तीन सेंटिमीटर येतं. ट्रॅपेझियस त्याच्या अगदी वर पसरलेला आहे. सुई चुकीच्या दिशेने खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. म्हणून या स्नायूत सुई कधीही सरळ खाली घालायची नसते. स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलायचा आणि सुई त्या उचललेल्या घडीतच, एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे न्यायची. आईसोबत जाल तेव्हा हे तुम्ही स्वतः पाहू शकता. खांदा चिमटीत न उचलता वरून सुई टोचायला कुणी लागलं, तर तिथेच थांबवा, संकोच करू नका. घरी आल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांत छातीत टोचल्यासारखं दुखणं, दम लागणं, कोरडा खोकला यातलं काही झालं तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर हॉस्पिटलच्या अपघात विभागात न्या, आणि "खांद्यात सुई लावली होती" हे पहिल्या वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या मनात लगेच येत नाही.

ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू असताना नीडलिंग करता येतं. काळा-निळा डाग मोठा पडेल, दाबून जरा जास्त वेळ धरावं लागेल. सुईसाठी म्हणून हृदयाची गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळी बंद करण्याचा धोका सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं असती तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हात लावला नसता. मधुमेहात प्रश्न जंतुसंसर्गाचा असतो, म्हणून साखर आटोक्यात आहे ना, हे अलीकडच्या रिपोर्टवरून पाहावं; चढलेली असेल तर थोडं थांबायला काही हरकत नाही. त्या जागेवर गळू, पुरळ, जखम असेल तर सुई नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलेल्या हातात नाही. आणि आईची मनापासून तयारी नसेल तर अजिबात नाही. लेकीने किंवा जावयाने समजूत काढून आणलेल्या माणसाला मी सुई लावत नाही. चिमटीने दाबून, ताणून, व्यायाम देऊन तेच काम करता येतं, वेळ जरा जास्त लागतो.

किती वेळा, याचं प्रामाणिक उत्तर असं. झालेल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष हा आहे की खोट्या सुईशी (टोचल्याचं नुसतं भासवतात, खरा उपचार नसतो) किंवा काहीच न करण्याशी तुलना केली तर ड्राय नीडलिंगने पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी होतं. सहा महिने-वर्षभर टिकणाऱ्या फायद्याचा पुरावा कमजोर आहे. मी साधारण आठवड्याच्या अंतराने तीन वेळा करते. तीनदा करूनही दुखण्यात ठळक फरक नसेल तर चौथ्यांदा सुई न घालता मी निदान पुन्हा तपासते. दहा-पंधरा बैठकांचं पॅकेज आधीच पैसे भरून घ्यायला कुणी सांगितलं तर घेऊ नका.

हा तीनचा नियम मला एका चपला बनवणाऱ्या कारागिराने शिकवला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाच्या वर हाताच्या स्नायूंत त्यांना दुखत होतं. मी सुई लावायची, आठ दिवस बरं वाटायचं, नवव्या दिवशी ते दारात. असं सहा वेळा झालं. शेवटी मी त्यांच्या घरी गेले. मांडी घालून बसलेले, कातडं पायाच्या अंगठ्याने दाबून धरलेलं, चामड्याची वादी हाताने खेचून वेणी घालायची, आणि आरी धरलेला अंगठा तासन्‌तास तसाच आवळलेला. आरीची मूठ इतकी बारीक की ती धरायलाच निम्मी ताकद जायची. मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली, दर अर्ध्या तासाने हात उघडायचा नेम लावला आणि पकड मजबूत करणारे दोन व्यायाम दिले. त्यानंतर एकदाच सुई लागली. ते सहा आठवडे मी त्यांचे वाया घालवले, कारण त्यांचं काम पाहण्याआधी मी सुई उचलली होती.

तुमच्या आईचं कामही असंच पाहावं लागेल. धार काढताना ती उकिडवी बसते, किटली गुडघ्यांत, दोन्ही खांदे उचललेले, मान एका बाजूला वळलेली, आणि अंगठा मुडपून आचळ दाबलेला. दोन म्हशी, दोन वेळा. मग संस्थेला दूध घालायचं. मग वैरण. उसाच्या वाड्याचा ओला भारा डोक्यावर आला की मानेच्या प्रत्येक स्नायूला तो तोलून धरावा लागतो. हे सगळं सोडा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण बसायला बुटका स्टूल किंवा पाट घेतला तर खांदे खाली येतात. एका म्हशीनंतर दोन मिनिटं उठून हात खाली झटकायचे आणि मान दोन्ही बाजूंना वळवायची. अंगठा मुडपण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढता आली तर हाताचा ताण कमी होतो. म्हशीला सवय व्हायला आठवडाभर लागतो, पण होते. वैरणीचा एक मोठा भारा आणण्याऐवजी दोन छोटे, आणि रस्ता असेल तिथे हातगाडा.

व्यायामाच्या बाबतीत मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते खांद्याला वजन देणं. डेन्मार्कमध्ये ट्रॅपेझियस दुखणाऱ्या बायकांना आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, असं १० आठवडे खांद्यांचे वजनाचे व्यायाम दिले. त्यांचं दुखणं चांगलंच उतरलं आणि व्यायाम थांबवल्यावरही काही आठवडे तो गुण टिकला. "ती दिवसभर राबतेच की, आणखी व्यायाम कशाला?" असं घरातले म्हणतील. राबण्यात खांदा तासन्‌तास एकाच जागी आवळलेला असतो. व्यायामात तो आवळतो आणि पूर्ण सैल सुटतो, दोन्ही. सुई लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दोन्ही हातांत एक-एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घेऊन खांदे कानाकडे सावकाश उचलायचे आणि त्याहून सावकाश खाली सोडायचे, १० वेळा, थोडं थांबून पुन्हा १०. भिंतीला हात टेकून दंड काढतात तसं १०. आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवड्यांनी सोपं वाटायला लागलं की दोन लिटरची बाटली. व्यायामानंतर थोडं ठणकलं तर चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका.

सुई लावल्यावरही खांदा ठणकतो, जास्त मेहनत केल्यावर अंग दुखतं तसा. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. गरम पाण्याची पिशवी चालते, हात हलता ठेवावा, गळ्यात अडकवून ठेवू नये. हे आधी न सांगितल्यामुळे माणसं घाबरतात आणि "सुईने वाढलं" म्हणून परत येत नाहीत.

कुणाकडून करून घ्यावं? फिजिओथेरपीची पदवी, राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी, आणि नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण, तिन्ही विचारा. पदवीत हे हाताला बसेल इतकं शिकवलं जात नाही आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेत छातीजवळच्या स्नायूंत सुई घालण्याइतका हात तयार होत नाही, हे मी शिकवण्याच्या अनुभवावरून सांगते. "किती वर्षं करता, खांद्यात कधी काही अडचण आली का?" असं सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात जाते का, तेही पाहा. तीच सुई पुसून परत ठेवताना दिसली तर तिथून उठा.

पहिल्या दिवशी जाताना आईच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. एमआरआयची फिल्म आणि साखरेचा रिपोर्टही न्या. मान उघडी राहील असं सैल पोलकं घालायला सांगा, पोटभर नाष्टा करून जाऊ दे. वेळ शक्यतो दुपारची घ्या, आणि त्या दिवशी संध्याकाळची धार तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढा.